आम्हाला कुणी विचारत नाही, मग आम्ही धोरणात येणार कशा?

१२ मेचा परिचारिका दिन झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. गुलाबाची फुलं मिळालेली असतात, कुणीतरी भाषणात ‘परिचारिका हा आरोग्यसेवेचा कणा’ असं म्हटलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात तीच माणसं कमी असतात. या वेळी तशी पत्रं बरीच आली. त्यांतली चार निवडली आहेत. पहिल्या पत्राला उत्तर लांबलं आहे, कारण त्यातला प्रश्न मी स्वतः नोकरीभर वागवला. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले, अधिसेविका (मेट्रन) म्हणून निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं शासकीय रुग्णालयांतच गेली.

ताई, मी उपजिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. नाईटला स्त्री कक्ष आणि बाळंतीण कक्ष दोन्ही माझ्याकडे असतात, चाळीसच्या आसपास पेशंट. नवी योजना आली की एक रजिस्टर वाढतं, ॲपवर भरायची माहिती वाढते, माणूस वाढत नाही. हे ठरवताना आम्हाला कुणीच विचारत नाही. परिचारिकेनं धोरण ठरवण्यात भाग घ्यावा असं भाषणात ऐकते. म्हणजे नेमकं करायचं काय? राजकारणात जायचं का? आणि आमचं ऐकलं गेल्याचं एक तरी उदाहरण आहे का?
— एक अधिपरिचारिका, मराठवाडा

सिस्टर, तुम्ही निवडणूक लढवलीत तर मला आनंदच होईल. पण तोवर थांबायचं कारण नाही.

आधी धोरण कुठे तयार होतं ते बघू. मंत्री घोषणा करतात तेव्हा ते आपल्याला दिसतं, पण त्याच्या कितीतरी आधी ते एका नस्तीत, म्हणजे सरकारी फाइलीत, तयार झालेलं असतं. तुमच्या रुग्णालयाला परिचारिकेची जास्तीची पदं हवीत, तर प्रस्ताव वैद्यकीय अधीक्षकांकडून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, तिथून उपसंचालक, मग मुंबईतलं आरोग्यसेवेचं मुख्यालय, मग मंत्रालयातला आरोग्य विभाग, आणि शेवटी वित्त विभाग असा जातो. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न असतो: आधार काय? ज्या कागदात आधार नसतो तो शेरा घेऊन परत येतो. आणि हा आधार कुणाकडे असतो? रात्री दोन वाजता कोणत्या पेशंटला काय मिळालं आणि काय मिळालं नाही, हे रुग्णालयात फक्त तुम्हाला माहीत असतं. तो आधार तुमच्या हातून कागदावर उतरला नाही, तर तो कुठेच उतरत नाही.

एक अनुभव सांगते. एका जिल्हा रुग्णालयात मी स्त्री शल्य कक्षाची परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, होते. रात्री एकच सिस्टर. रक्ताची पिशवी आणायची तर तिनंच जायचं, सिलिंडर संपला तर मामाला (वॉर्डबॉयला) शोधायला तिनंच जायचं, कारण मामा तीन वॉर्डांना मिळून एक. आम्ही सगळ्याजणी तक्रार करायचो, अर्ज द्यायचो: ‘कर्मचारी अपुरे आहेत, कामाचा ताण आहे.’ उत्तर यायचं नाही. मग आम्ही ओव्हर बुकात, म्हणजे पाळी बदलताना भरायच्या वहीत, एक रकाना वाढवला. वॉर्ड सोडून किती वाजता गेलो, कशासाठी, परत किती वाजता आलो, आणि तेवढ्या वेळात वॉर्डात कोण होतं. बाकी शेरा नाही, रडगाणं नाही. तो पावसाळा संपेपर्यंत प्रत्येकीनं तो रकाना भरला, नव्या मुलींनीसुद्धा. मग मी त्याचा एका पानाचा गोषवारा काढला. एखाद्या रात्री ऑपरेशन झालेल्या बायका अर्धा-अर्धा तास कुणाच्याही नजरेखाली नव्हत्या, हे त्या पानावर तारीखवार दिसत होतं.

ते पान अधिसेविकांनी रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत ठेवलं. समितीतले एक अशासकीय सदस्य व्यापारी होते. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘म्हणजे या वेळात कुणाला काही झालं असतं तर?’ बाकी कुणी बोललं नाही. त्या बैठकीत समितीच्या निधीतून रात्रपाळीला एक मदतनीस मंजूर झाला. पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या प्रस्तावात इतर वॉर्डांसाठीही तीच मागणी गेली, आणि तिला जोडपत्र म्हणून आमचाच तक्ता होता. एका रुग्णालयापुरतं का होईना, ते धोरण होतं. ते आम्ही ठरवलं.

तुमच्या प्रश्नासाठी दुसरा आधार आकडेवारीचा आहे. भारतीय परिचर्या परिषदेचं जुनं प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक असं आहे. शिवाय रजेवर जाणाऱ्यांच्या जागी म्हणून रजा राखीव तीस टक्के. पुष्कळजणी इथे घोटाळा करतात. हे प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून असतं. तीनास एक म्हणजे एका पाळीत नऊ खाटांमागे एक, पाचास एक म्हणजे एका पाळीत पंधरांमागे एक. तुमच्या चाळीस खाटांना आठ परिचारिका, रजा राखीव धरून दहा-अकरा, म्हणजे रात्री निदान दोघी ते तिघी हव्यात. ‘पाच पेशंटमागे एक सिस्टर द्या’ असं लिहिलंत तर मागणी फुगवलेली आहे असं समजून अधिकारी पूर्ण अर्जच बाजूला ठेवेल. ‘मान्य प्रमाणाप्रमाणे एका पाळीत इतक्या हव्यात, मंजूर आकृतिबंधात (ठरलेल्या पदसंख्येत) इतक्या आहेत, भरलेली पदं इतकी, प्रत्यक्ष रात्रपाळीला एक’ असं चार ओळींत लिहिलंत तर त्याला त्यावर टिपणी लिहावीच लागते.

अर्ज योग्य मार्गानेच द्या, पण आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. वेळ सांभाळा. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, पण विभागांच्या मागण्या त्याच्या कित्येक महिने आधी गोळा होतात. फेब्रुवारीत दिलेला उत्तम कागद त्या वर्षापुरता वाया जातो. आणि तुम्ही शासकीय सेवेत आहात, म्हणून महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ एकदा स्वतः वाचून घ्या. स्वतःच्या नावानं वर्तमानपत्रात सरकारवर टीका करणं किंवा स्वतःच्या सेवेच्या प्रश्नासाठी आमदाराकडून दबाव आणणं त्या नियमांत बसत नाही. संघटनेनं सर्व परिचारिकांच्या वतीनं बोलणं ही वेगळी गोष्ट आहे. तुमच्या भागातल्या आमदारांना अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारायला किंवा लक्षवेधी मांडायला मजकूर लागतो, आणि चांगला मजकूर देणारी माणसं त्यांना फार भेटत नाहीत. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी अधिवेशनाआधी तुमच्यासारख्या वीस रुग्णालयांचे तक्ते एकत्र करून दिले, तर सभागृहात मंत्र्यांना आकड्यांवर उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर इतिवृत्तात राहतं, आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा समोर ठेवता येतं.

संपाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल. २०२२ मध्ये बाह्यस्रोतातून परिचारिका भरण्याच्या हालचालींविरुद्ध राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा कायदेशीर हक्क नाही, तरी कधी कधी तोच उपाय उरतो. पण संपानंतर चर्चेला बसताना हातात तक्ता लागतो. नाहीतर आश्वासन घेऊन परत यावं लागतं.

आता उदाहरण. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्या आवारातच हल्ला झाला आणि त्या पुन्हा कधीच शुद्धीवर आल्या नाहीत. तेव्हा मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला होता, अरुणासाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठीही. पुढे महापालिकेनं तिला दुसरीकडे हलवून ती खाट मोकळी करायचं ठरवलं, तेव्हा के.ई.एम.च्या परिचारिका आडव्या उभ्या राहिल्या आणि तो बेत रद्द झाला. मग तिला जिवंत ठेवणारं अन्न बंद करावं अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं काही अटींवर निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याला, तत्त्वतः मान्यता दिली, पण अरुणाच्या बाबतीत ती याचिका फेटाळली. कारण न्यायालयानं नोंदवलं की तिच्या वतीनं बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नाही, इतकी वर्षं तिची सेवा करणाऱ्या के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा आहे, आणि त्यांना ती जगायला हवी आहे. १८ मे २०१५ ला ती गेली, त्याच रुग्णालयात. बेचाळीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला त्या वॉर्डानं जपलं. या देशात निष्क्रिय दयामरणाला मान्यता देणारा पहिला निकाल परिचारिकांच्या शब्दावर उभा आहे, हे मी प्रत्येक तुकडीला सांगत आले.

आणि इथेच माझी तक्रारही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं उपचार थांबवण्याच्या निर्णयासाठी वैद्यकीय मंडळांची पद्धत घालून दिली. त्या मंडळांत डॉक्टर आहेत, परिचारिका नाही. रुग्णाला कूस बदलताना तो कण्हतो का, नातेवाईक रात्री काय बोलतात, हे ज्या बाईला ठाऊक ती खोलीबाहेर. ही जागा आपण मागायला हवी. मागितल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

मी पुण्यात खासगी रुग्णालयात सात वर्षं स्टाफ नर्स आहे. आयसीयूत दोन व्हेंटिलेटर आणि शिवाय एखादा पेशंट सांभाळते. पगार सांगायची लाज वाटते. एकदा आम्ही चौघीजणी बोलायला गेलो तर ‘जमत नसेल तर जा’ असं ऐकवलं. सरकारी सिस्टरना संघटना आहे, आमचं काय? कृपया नाव छापू नये.
— एक वाचक, पुणे

नाव कुणालाही कळणार नाही. लाज तुम्हाला वाटायचं कारण नाही, बाळा. ती पगार देणाऱ्याला वाटायला हवी.

तुमच्या हातात एक भक्कम कागद आहे आणि तो बऱ्याचजणींना माहीत नसतो. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे आपली १९०८ सालची संघटना, खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी सर्वोच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयानं केंद्राला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीनं शिफारस केली: दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार. शंभर ते दोनशे खाटा असतील तर त्याहून फार तर दहा टक्के कमी. पन्नास ते शंभर असतील तर पंचवीस टक्के कमी. आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी दरमहा वीस हजारांच्या खाली नाही. रजा, कामाचे तास, ने-आण यांतही सरकारी परिचारिकेच्या बरोबरीची सोय असावी असं त्यात आहे.

मग ते मिळत का नाही? कारण आरोग्य हा विषय राज्याचा, आणि केंद्रानं त्या शिफारशी राज्यांकडे अंमलबजावणीसाठी धाडल्या. कायद्याचं बळ त्याला राज्यानं द्यायचं. केरळात परिचारिकांनी ते द्यायला लावलं. २०११ नंतर तिथे खासगी रुग्णालयांतल्या मुली मोठ्या संख्येनं संघटित झाल्या, रुग्णालयागणिक लढल्या, आणि एप्रिल २०१८ मध्ये चेर्तलाहून राजधानीकडे लाँग मार्च निघायच्या आदल्या दिवशी राज्य सरकारनं वीस हजारांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढली. त्यांनी न्यायालयाचं नाव घेतलं, समितीचा आकडा घेतला, आणि मागणी एकच ठेवली.

महाराष्ट्रातही किमान वेतन राज्य सरकारच ठरवतं. त्यामुळे तुमचं दार मालकाची केबिन नव्हे, कामगार विभाग आहे. चौघीजणींनी केबिनमध्ये जाणं शौर्याचं होतं, पण एकाच रुग्णालयातल्या चौघी सहज ओळखू येतात. दहा रुग्णालयांतल्या चाळीसजणी एकत्र अर्ज करतात तेव्हा एकीला बाहेर काढणं अवघड होतं. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या राज्य शाखेकडे नाव नोंदवा. हजेरीपत्रकाच्या आणि पगाराच्या पावत्यांच्या प्रती घरी ठेवा. आयसीयूत एकास एक प्रमाण असायला हवं. रोज रात्री किती पेशंट होते याची तारीखवार नोंद ठेवा, पेशंटचं नाव आणि आजार मात्र त्यात लिहायचं नाही. ती गुप्तता मोडली तर तुमचीच बाजू पडते.

नोकरी जाईल ही भीती खरी आहे. घर चालवणाऱ्या मुलीनं एकटीनं पुढे होऊ नये असंच मी म्हणेन. पण मागे राहूनही आकडे जमवता येतात, आणि पुढे उभं राहणारीला तेच लागतात.

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळे म्हणतात आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दे आणि बाहेर जा. मला इथे राहून पॉलिसीत काम करायचंय. असं काही असतं का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

असतं. आणि जायचं असलं तर जा, त्यात कमीपणा नाही. पण राहणार असलीस तर ऐक.

दर १२ मेला आपण फ्लोरेन्स नाइटिंगेलचा दिवा घेऊन शपथ घेतो. दिव्याइतकंच तिच्या हातात आकड्यांचं पुस्तक होतं. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला, त्यामागे तिची मेहनत होती. हजारी एकोणसत्तर सैनिक वर्षाला मरत होते, आणि लढाईपेक्षा घाण पाणी आणि कोंदट बराकी त्यांना मारत होत्या, हे तिनं छावण्यांकडून माहिती मागवून दाखवलं. ती भारतात कधीच आली नाही, तरी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा खेड्यांतल्या स्वच्छतेबद्दल पत्रव्यवहार होता. आपल्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्राचा पेपर आहे, तो पास होण्यापुरता करू नकोस.

दुसरं, कायदा वाच. १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा बाजूला करून २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व सुईणपण आयोगाचा कायदा झाला. जुन्या परिषदेवर प्रत्येक राज्य परिषदेनं निवडून दिलेली एक परिचारिका असायची. नव्या कायद्यानं आयोगात एकोणतीस सदस्य ठरवले आहेत, अध्यक्षपदासाठी परिचर्येतलं पदव्युत्तर शिक्षण आणि वीस वर्षांचा अनुभव हवा, ही चांगली गोष्ट. पण नियुक्तीचा भाग वाढला आणि निवडणुकीचा घटला, हे मला खटकतं. राज्यांनीही आपापले आयोग करायचे आहेत. त्यावर कोण बसणार यावर तुझ्या पिढीचं लक्ष हवं. या विधेयकाचा मसुदा २०२० च्या नोव्हेंबरमध्ये लोकांच्या सूचनांसाठी खुला होता. कोविडच्या धामधुमीत आपल्यापैकी किती जणींनी तो उघडला असेल? केंद्रीय विधेयकांचे मसुदे निदान तीस दिवस खुले ठेवावेत असं २०१४ पासूनचं सरकारी धोरण आहे. मसुदा आला की मैत्रिणींनी मिळून कलमवार सूचना पाठवा. सहाशे सह्यांच्या एकाच मजकुरापेक्षा वॉर्डातल्या अनुभवावर लिहिलेल्या दोन पानांना जास्त वजन असतं.

तिसरी गोष्ट अगदी सोपी आणि तरीही कुणी करत नाही. विधान परिषदेत आपल्या राज्यात सात पदवीधर मतदारसंघ आहेत. पदवी मिळून तीन वर्षं झाली की तुझं नाव त्या यादीत जाऊ शकतं. ही यादी दर निवडणुकीला नव्यानं होते, नमुना १८ पुन्हा भरावा लागतो. शिक्षक, वकील भरतात. बी.एस्सी. झालेल्या परिचारिकांनी आपापल्या विभागात नावं नोंदवली तर त्यांच्या दारात उमेदवार येईल. एकदा आला की काय विचारायचं ते तू ठरवून ठेव.

मी काय विचारीन ते सांगते. कोलकात्यातल्या रुग्णालयात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर २० ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं. त्यात नामवंत डॉक्टर होते, सचिव होते. परिचारिका एकही नव्हती. रात्रपाळीला सर्वाधिक बायका कोणत्या पदावर असतात, हे सगळ्यांना माहीत असताना. उमेदवाराला विचार: अशी समिती राज्यात झाली तर त्यात परिचारिका असावी म्हणून तुम्ही सभागृहात उभे राहाल का?

मी गावची सरपंच आहे. आमच्या उपकेंद्राची सिस्टर चांगली आहे, पण बैठकीत एक शब्द बोलत नाही. सगळं ग्रामसेवक आणि आम्हीच ठरवतो. तिला बोलतं कसं करावं?
— एक सरपंच, सातारा जिल्हा

सरपंचबाई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. हा प्रश्न सिस्टरनं नाही, तुम्ही विचारलात.

ती बोलत नाही कारण बैठकीत तिला शेवटी विचारतात, ‘सिस्टर, काही सांगायचंय का?’ तोवर चहा आलेला असतो. विषयपत्रिकेत तिचा विषय पहिला घ्या. आणि बैठकीच्या आठवडाभर आधी उपकेंद्रात जाऊन तिच्याबरोबर बसा. गरोदर बायका किती, त्यांतल्या जोखमीच्या किती, कोणत्या वस्तीवर लसीकरणाला रस्ता नाही, रात्री प्रसूतीला बाई आली तर लाइट आणि पाणी आहे का, एवढं तिच्याकडून समजून घ्या. उपकेंद्राच्या पातळीवरच्या आरोग्यवर्धिनी केंद्राच्या (आताचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर) जन आरोग्य समितीचं अध्यक्षपद सरपंचाकडे असतं आणि समुदाय आरोग्य अधिकारी सदस्य-सचिव असतात, त्यामुळे हे करायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर सत्तर हजार कोटींहून अधिक रकमेची शिफारस केली होती. निधी कोणत्या वाटेनं येतो आणि कुठे अडतो, हे पंचायत समितीत जाऊन विचारा. सिस्टरला सोबत न्या.

‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात आरोग्याच्या नावाखाली बऱ्याच ठिकाणी फक्त गटार आणि फवारणी असते. या वर्षी त्या पानाचा मसुदा सिस्टर आणि आशाताईंना लिहायला द्या. ग्रामसेवकांनी तो नीट भाषेत बसवावा, पण कामांचा क्रम त्या दोघींनी लावलेला असावा. ग्रामसभेत तो सिस्टरनंच वाचून दाखवावा. पहिल्यांदा आवाज बारीक येईल. तुम्ही शेजारी बसा.